चंद्राचं कॉम्प्युटरवर बनवलेलं चित्र खोटं असतं का? ते बनतं कसं, सोप्या भाषेत

२३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्रावर उतरत होता तेव्हा टीव्हीवर आकड्यांच्या शेजारी एक ग्राफिक दिसत होतं, यान हळूहळू सरळ होत खाली येतंय आणि खाली राखाडी जमीन. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर एक प्रश्न खूप फिरला की यानाचं बाहेरून शूटिंग कोण करत होतं? कोणीच करत नव्हतं. ते कॉम्प्युटर ग्राफिक होतं आणि यानाच्या स्वतःच्या कॅमेऱ्यांनी काढलेले खरे फोटो वेगळे होते, ते इस्रोने वेगळे दिले. त्याच दिवसांत अजून एक चित्र जोरात फिरलं, प्रज्ञान रोव्हरच्या चाकांनी मातीत उमटवलेली भारताची राजमुद्रा आणि इस्रोचा लोगो, एकदम कोरल्यासारखे स्पष्ट. तो फोटो नव्हता, कोणीतरी हौसेने तयार केलेलं चित्र होतं, पण लाखो लोकांनी ते खरा फोटो म्हणून पुढे पाठवलं.

या सगळ्यात एक गोंधळ झाला आणि तो अजून तसाच आहे. लोकांच्या डोक्यात दोनच खाती आहेत, एक खरा फोटो आणि दुसरं फेक. पण मधे एक तिसरं खातं आहे, मोजमापावरून हिशोब करून काढलेलं चित्र. हे कॅमेऱ्याने काढलेलं नसतं, पण मनाने रंगवलेलंही नसतं. चंद्रावरचं असं चित्र बनवणं हे खूप अवघड आणि खूप सुंदर काम आहे असं मला मनापासून वाटतं, आणि यान सुखरूप उतरणं बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून असतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी रेंडर म्हणजे काय

कॉम्प्युटरला सांगायचं की वस्तूचा आकार असा आहे, तिचा पृष्ठभाग अमुक तऱ्हेचा आहे, उजेड या बाजूने येतोय आणि कॅमेरा इथे ठेवलाय. मग तो चित्रातल्या एकेका ठिपक्यासाठी हिशोब करतो की तिथून कॅमेऱ्यात किती उजेड पोचेल. या हिशोबातून निघालेल्या चित्राला रेंडर म्हणतात. उजेडाचा किरण कुठे आदळला, तिथून उसळून कुठे गेला, याचा माग काढत हिशोब केला तर त्याला रे ट्रेसिंग म्हणतात. बस, एवढे दोन शब्द पुरे आहेत.

आता चंद्रासाठी उजेड कुठून येतो ते सोपं आहे, सूर्य कुठल्या क्षणी आकाशात नेमका कुठे असेल ते आपल्याला पक्कं काढता येतं. कॅमेरा आपण ठेवू तिथे. राहिला आकार आणि राहिला पृष्ठभाग, आणि खरी मेहनत या दोन्हीत आहे.

आकार कुणी मोजला?

नासाचं लुनार रिकनिसन्स ऑर्बिटर, म्हणजे एलआरओ, जून २००९ मध्ये निघालं आणि तेव्हापासून चंद्राभोवती फिरतंय. त्यावर लोला नावाचं एक लेझर यंत्र आहे. ते सेकंदाला २८ वेळा लेझर सोडायचं, प्रत्येक वेळी त्याचे ५ किरण व्हायचे, म्हणजे सेकंदाला १४० जागांची मोजणी. किरण खाली जाऊन आदळून परत यायला किती वेळ लागला ते बघायचं, प्रकाशाचा वेग माहीत आहे, त्यावरून खालची जमीन किती लांब आहे ते कळतं. यान साधारण ५० किलोमीटरवर असेल तर ही ये-जा सेकंदाच्या तीन हजाराव्या भागात होते, आणि त्यातही फरक इतका बारीक पकडायचा की उंची सेंटिमीटरमध्ये सांगता यावी. अशी अब्जावधी मोजमापं जमली.

याच्या आधी जपानच्या कागुया यानाने (ते २००७ मध्ये गेलं) दोन कोनांतून फोटो काढून १० मीटरच्या बारकाईने उंचसखलपणा टिपला होता, आणि आपल्या चांद्रयान-१ च्या टेरेन मॅपिंग कॅमेऱ्याची बारकाई तर ५ मीटरची होती. लेझरची अचूकता आणि कॅमेऱ्याची बारकाई एकमेकांत मिसळून पुढे अजून चांगले नकाशे झाले.

या मोजमापांचा जो नकाशा बनतो त्यात प्रत्येक पिक्सेलमध्ये रंगाच्या जागी उंची भरलेली असते. चंद्राची त्रिज्या १७३७.४ किलोमीटर धरायची आणि हा पिक्सेल त्याच्यापेक्षा इतका वर किंवा इतका खाली असं लिहून ठेवायचं. कॉम्प्युटर एक गुळगुळीत गोळा घेतो आणि या आकड्यांप्रमाणे तो जागोजागी वर खेचतो, खाली दाबतो. झाला चंद्र. सगळ्यात उंच जागा सुमारे पावणेअकरा किलोमीटर वर, सगळ्यात खोल नऊच्या आसपास खाली.

लोणार या नकाशात किती दिसेल?

नासाने २०१९ मध्ये ग्राफिकवाल्यांसाठी हा सगळा माल फुकट देऊन टाकला, सीजीआय मून किट नावाने, एर्नी राइट यांनी तो तयार केलाय. त्यातला उंचीचा मोठा नकाशा घेतला तर एक पिक्सेल म्हणजे विषुववृत्ताजवळ जवळपास ४७४ मीटर. आता आपलं बुलढाण्याचं लोणार घ्या, अशनी आदळून बसाल्टच्या काळ्या खडकात झालेलं विवर, साधारण १.८ किलोमीटर रुंद. चंद्रावर बसाल्टची मैदानं भरपूर आहेत म्हणून शास्त्रज्ञ लोणारचा अभ्यास चंद्रासाठी करतातच. पण हेच विवर चंद्रावर असतं तर या नकाशात ते चार पिक्सेलचं झालं असतं, ओळखूही आलं नसतं.

म्हणजे लांबून आख्खा चंद्र दाखवायचा असेल तर हा नकाशा पुरतो, पण कॅमेरा खाली नेला की सगळं मऊ मऊ, लोण्यासारखं गुळगुळीत दिसायला लागतं. मग जवळचे फोटो वापरावे लागतात. एलआरओचा जवळचा कॅमेरा अर्ध्या मीटरचा पिक्सेल देतो, आणि चांद्रयान-२ च्या ऑर्बिटरवरचा ओएचआरसी कॅमेरा १०० किलोमीटरवरून २५ सेंटिमीटरचा. चांद्रयान-३ ची उतरायची जागा बघायला याच कॅमेऱ्याचे फोटो कामाला आले, लँडर २०१९ मध्ये पडला तरी ऑर्बिटर काम करत राहिला त्याची ही कमाई.

आणि २५ सेंटिमीटरच्या खाली? तिथे मोजमाप नाहीच. आणि यान उतरताना शेवटच्या काही मीटरांत तेच दगड, तेच छोटे खड्डे महत्त्वाचे. इथे कॉम्प्युटर दगडखड्डे स्वतः पेरतो, पण मन मानेल तसे नाही. चंद्रावर मोठे खड्डे कमी आणि लहान खूप जास्त, किती आकाराचे किती हे प्रमाण मोजलेलं आहे. ताजा साधा खड्डा रुंदीच्या साधारण एक पंचमांश खोल असतो, जुना झाला की कडा झिजून उथळ होतो, आणि पंधरा-वीस किलोमीटरपेक्षा मोठा असेल तर मधे डोंगर उभा राहतो, टायको विवरात आहे तसा. हे नियम पाळून पेरलं तर ती नेमकी तीच जागा नसते, पण तशा जागा चंद्रावर असतात. स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठाने युरोपियन स्पेस एजन्सीसाठी पँगू नावाचं सॉफ्टवेअर बनवलंय ते हेच करतं. चित्राखाली मात्र लिहायला हवं की इथपर्यंत मोजलेलं आणि इथून पुढे पेरलेलं. ते लिहिलं नाही तर चित्र कितीही चांगलं असलं तरी बघणाऱ्याची फसवणूक होते.

सगळ्यात अवघड गोष्ट, धूळ

आकार एकदम बरोबर घेऊनसुद्धा नवशिक्याचा चंद्र प्लॅस्टिकचा दिसतो. मला या विषयातला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो.

कॉम्प्युटर ग्राफिक्समध्ये चकचकीत नसलेल्या वस्तूसाठी सहसा एक जुना नियम वापरतात, लँबर्टचा, १७६० चा. उजेड सरळ पडला तर जागा उजळ, तिरका पडला तर अंधूक. भिंत, कागद, खडू यांना तो बरा लागू पडतो. पण या नियमाने पौर्णिमेचा चंद्र काढला तर मधे उजळ आणि कडेला काळपट होत जाणारा चेंडू दिसतो. आणि खरा पौर्णिमेचा चंद्र बघा, कडेपर्यंत जवळपास सारखाच उजळ, चपटी चकतीच वाटते. मग चुकतंय कुठे?

ताजं नांगरलेलं शेत सकाळी बघितलंय का? सूर्य पाठीमागे ठेवून बघितलं तर शेत उजळ दिसतं, कारण प्रत्येक ढेकळाची सावली त्या ढेकळामागेच लपते, आपल्याला फक्त उजेडाची बाजू दिसते. तेच शेत पलीकडच्या बांधावर जाऊन सूर्याकडे तोंड करून बघितलं तर सगळ्या सावल्या आपल्याच बाजूला, शेत काळंभोर. शेत तेच, सूर्य तोच, फक्त आपण उभे कुठे ते बदललं. चंद्राच्या धुळीत हेच होतं, फक्त ढेकळं सूक्ष्म आणि त्यांच्यामधली पोकळी खूप. पौर्णिमेला सूर्य आपल्या बरोबर पाठीमागे असतो म्हणून सगळ्या सावल्या लपतात आणि चंद्र एकदम झळाळतो. अर्धा चंद्र पौर्णिमेच्या निम्मा उजळ असेल असं वाटतं पण तो जेमतेम दहावा हिस्सा असतो, कारण आता प्रत्येक कणाची सावली दिसायला लागलेली असते.

हे गणितात बसवायला बरीच वर्षं गेली. १९८१ मध्ये ब्रूस हापके यांनी धुळीने भरलेल्या अशा पृष्ठभागांसाठी एक मॉडेल मांडलं, ते आजही वापरतात, आणि त्यात खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या प्रकाशाच्या गणितातून आलेलं फंक्शन आहे. १९९४ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या मायकेल ओरेन आणि श्री नायर यांनी खडबडीत पृष्ठभागांसाठी सोपा नियम काढला, पौर्णिमेचा चंद्र चपटा का दिसतो हे त्यातूनही उलगडतं. आजच्या बऱ्याच थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये तो नियम असतो.

अजून एक, चंद्र पांढरा नाही. पडलेल्या उजेडातला तो दहा-बारा टक्केच परत पाठवतो, म्हणजे वापरून जुन्या झालेल्या डांबरी रस्त्याइतका काळपट. आजूबाजूला काळं आकाश असतं म्हणून आपल्याला पांढरा वाटतो. चित्र बनवणारे त्याला चुन्यासारखा पांढरा करून टाकतात आणि तिथेच सगळं बिघडतं.

हवा नाही त्यामुळे काय काय बदलतं

पृथ्वीवर लांबचा डोंगर निळसर, धूसर दिसतो आणि त्यावरून आपल्याला अंतर कळतं. सह्याद्रीत एकामागे एक रांगा फिकट होत जातात तसं चंद्रावर काहीच होत नाही, पाच किलोमीटरवरचा डोंगर पाचशे मीटरवरच्या टेकडीइतकाच स्पष्ट. त्यात चंद्र लहान, त्यामुळे उभ्या माणसाला क्षितिज अडीच किलोमीटरच्याही अलीकडे. याचा फटका माणसांना खरोखर बसलाय, फेब्रुवारी १९७१ मध्ये नासाच्या अपोलो १४ मोहिमेतले अंतराळवीर अ‍ॅलन शेपर्ड आणि एडगर मिचेल कोन विवराची कड शोधत चालत होते, दमले, वेळ संपला, परत फिरले. नंतर फोटोंवरून कळलं की कड फक्त तीसेक मीटरवर होती. त्यामुळे रेंडर करताना लांबच्या डोंगराला जरा धुकं लावू, छान दिसेल, असा मोह झाला तर तो आवरायचा.

सावल्यांबद्दल पण एक गैरसमज आहे की चंद्रावर सावली सुरीने कापल्यासारखी. जवळ हो. पण सूर्य हा ठिपका नाही, आकाशात त्याची अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे सावली जितकी लांब पडेल तितकी तिची कड पुसट होत जाते, १०० मीटरवर पडलेल्या सावलीची कड साधारण ९० सेंटिमीटर रुंद पुसट असते. आणि सावलीच्या आत पूर्ण काळोख नसतो, समोरच्या उजेडातल्या जमिनीवरून उसळलेला प्रकाश तिथे पोचतो. तो हिशोबात घेतला नाही तर सावलीच्या जागी नुसती भोकं दिसतात.

दक्षिण ध्रुवाजवळ तर हे टोकाला जातं. ऐन ध्रुवावर सूर्य क्षितिजापासून दीड अंशाच्या फारसा वर चढतच नाही, एक मीटरचा दगड सपाट जमिनीवर जवळपास ३८ मीटर लांब सावली पाडतो. आणि सगळ्या देशांना आता तिकडेच जायचंय, पाण्याच्या बर्फासाठी.

"खरे फोटो आहेत ना, मग हे कशाला?"

कारण यानाला उतरायची प्रॅक्टिस करायला दुसरा उपाय नाही. उतरताना बंगळुरूहून कोणी हाताने यान चालवत नाही, ते स्वतः कॅमेऱ्याने खाली बघतं, स्वतःजवळ साठवलेल्या नकाशाशी ताडून मी कुठे आहे ते ठरवतं आणि खड्डे-दगड टाळतं. विक्रम १५० मीटरवर थांबून हेच बघत होता. आता हे सॉफ्टवेअर तपासायचं तर त्याला हजारो वेळा खोटं खोटं उतरवून बघायला लागतं, वेगवेगळ्या सूर्यप्रकाशात, वेगवेगळ्या उंचीवरून, वेगवेगळ्या वेगाने. एवढे खरे फोटो कुठून आणणार? म्हणून रेंडर. इस्रोने कर्नाटकात चित्रदुर्ग जिल्ह्यात चळ्ळकेरेजवळ जमिनीत खरेखुरे खड्डे खणून त्यावरून सेन्सर उडवून बघितले, ते लागतंच, पण कर्नाटकातलं ऊन चंद्राचं नाही आणि मधे हवा आहे.

तपासताना जमीन चुकली तर काय होतं याचं उदाहरण एप्रिल २०२३ चं आहे. जपानच्या आयस्पेस कंपनीचं यान हाकुतो-आर उतरत असताना एका विवराच्या कडेवरून गेलं, खालची जमीन अचानक सुमारे ३ किलोमीटर खाली गेली. उंचीमापकाने ते बरोबर सांगितलं, पण सॉफ्टवेअरला वाटलं एवढा फरक म्हणजे सेन्सर बिघडला, त्याने त्याचं ऐकणंच बंद केलं. यानाला वाटलं आपण जमिनीवर पोचलो, प्रत्यक्षात ते अजून जवळपास ५ किलोमीटर वर होतं. इंधन संपलं आणि ते पडलं. उतरायची जागा उशिरा बदलली होती आणि नव्या वाटेवरच्या जमिनीचं सिम्युलेशन पुरेसं झालं नव्हतं, हे कंपनीने स्वतःच नंतर सांगितलं. विवराची ती कड नकाशात होती. कॉम्प्युटरवर त्या कडेवरून आधी पुरेसं उडून बघणं राहिलं.

"मग अपोलोचे फोटोपण असेच बनवले असतील"

ही शंका प्रत्येक वेळी येते, म्हणून नीट उत्तर देतो. उजेडाच्या उसळण्याचा पूर्ण हिशोब मांडणारं समीकरण ग्राफिक्समध्ये १९८६ मध्ये आलं, हापकेचं मॉडेल १९८१ चं, लोलाची मोजणी २००९ नंतरची. १९६९ मध्ये माणूस पहिल्यांदा चंद्रावर उतरला तेव्हा यातलं काहीच नव्हतं.

उलट आता रेंडरमुळेच ते फोटो खरे असल्याची खात्री करता येते. २००८ मध्ये जपानने कागुयाच्या मोजमापावरून अपोलो १५ जिथे उतरलं तिथून दिसणारा देखावा बनवला, १९७१ च्या फोटोशेजारी ठेवला, आणि डोंगरांची रेषा जुळली. जवळचे दगड त्यात नव्हते कारण १० मीटरपेक्षा लहान काही मोजलेलंच नव्हतं, आणि त्यांनी ते भरलंही नाही. हा प्रामाणिकपणा मला फार मोठा वाटतो.

२०१४ मध्ये ग्राफिक कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने अपोलो ११ चे अंतराळवीर बझ ऑल्ड्रिन शिडीवरून उतरतानाचा फोटो कॉम्प्युटरवर उभा केला. लोक म्हणायचे की ऑल्ड्रिन तर लँडरच्या सावलीत आहे, मग इतका स्पष्ट कसा, नक्की स्टुडिओतला दिवा असणार. त्यांनी फक्त सूर्य ठेवला, धुळीवरून उसळणारा प्रकाश हिशोबात घेतला, आणि ऑल्ड्रिन दिसायला लागला. एक जास्तीचा उजेड मात्र जुळेना, तो शोधला तर फोटो काढणाऱ्या नील आर्मस्ट्राँग यांच्या पांढऱ्या सूटवरून उसळत होता. तारे का दिसत नाहीत याचंही उत्तर सोपं, उन्हातल्या जमिनीसाठी कॅमेरा सेट केला की तारे फार मंद पडतात, रात्री हॅलोजनखाली क्रिकेट मॅचचा फोटो काढून बघा.

"आता एआय आहे ना"

एआयला सांगितलं तर तो चंद्राचं सुंदर चित्र देईल, पण ते कुठलीच जागा नसेल. त्याने चंद्राची भरपूर चित्रं बघितलीत आणि त्यासारखं काहीतरी काढतो, सूर्य डावीकडे असताना एखाद्या दगडाची सावलीही डावीकडेच पडलेली असू शकते. २०२३ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या फोनबद्दल असाच वाद झाला होता, कोणीतरी स्क्रीनवर मुद्दाम धूसर केलेल्या चंद्राचा फोटो काढला आणि फोनने मूळ चित्रात नसलेले बारकावे त्यात भरून दिले. त्या फोटोला रेंडर म्हणता येणार नाही, कारण त्यामागे त्या क्षणाचं मोजमापच नाही. म्हणून चंद्राचं कुठलंही चित्र समोर आलं की ही जागा कुठली, उंचीचा डेटा कोणाचा आणि सूर्य कुठल्या तारखेचा हे विचारायचं. चांगलं रेंडर बनवणाऱ्याकडे या तिन्हीची उत्तरं असतात.

स्वतः करून बघायचं असेल तर

ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर फुकट आहे, मून किट फुकट आहे, आणि बरा ग्राफिक कार्ड असलेला साधा पीसी चालतो. एक गोळा घ्या, उंचीचा नकाशा लावा, आणि उंची वाढवून दाखवायचा मोह टाळा. चंद्राचा सगळा उंचसखलपणा मिळून २० किलोमीटर, व्यास ३४७५, म्हणजे १ मीटर व्यासाच्या गोळ्यावर जेमतेम ६ मिलिमीटर. एकच सूर्य ठेवा, त्याचा आकार अर्धा अंश, बाकी सगळे दिवे काढून टाका. पृष्ठभागाला खडबडीतपणा द्या, चमक शून्य करा. पहिलं चित्र पौर्णिमेचं काढू नका, त्यात सावल्याच नसतात त्यामुळे उंचीचं काहीच कळणार नाही. अष्टमीचा काढा आणि उजेड-अंधाराच्या सीमेजवळ कॅमेरा न्या, तिथे सगळे खड्डे उठून येतात. मग त्याच तारखेला गच्चीवरून दुर्बिणीने चंद्र बघा, आणि सीमेजवळचं एकेक विवर चित्राशी ताडून बघा.